तुम्ही विचारलंत म्हणून: सेलमधला एखादाच शब्द मॅक्रोने कसा ओळखायचा?

“सेलमध्ये ‘निळा पेन, मोठा’ असं लिहिलंय. मला फक्त त्यात ‘पेन’ आहे का ते बघायचंय. मॅक्रोत बरोबरचं चिन्ह टाकलं तर काहीच सापडत नाही. काय वापरू?” एक्सेलमध्ये व्हीबीए, म्हणजे मॅक्रो लिहायची भाषा, नुकतं लिहायला लागलेले बरेच जण मला हे विचारतात.

सरळ उत्तर: इनस्ट्र (InStr) हे फंक्शन. बरोबरचं चिन्ह दोन्ही मजकूर तंतोतंत सारखे असले तरच होकार देतं. इनस्ट्र मात्र एका मजकुरात दुसरा कितव्या जागेपासून सुरू होतो ते सांगतं, आणि नसेल तर शून्य देतं. म्हणून उत्तर शून्याहून मोठं आहे का, एवढंच तपासायचं. रोमन लिपीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नको असेल तर टेक्स्ट कम्पेअरचा (vbTextCompare) पर्याय द्या. मग सुरुवातीची जागा, म्हणजे १, लिहिणंही सक्तीचं होतं.

तुलनेसाठी लाइक (Like) वापरून शोधशब्दाच्या दोन्ही बाजूंना फुल्या (*) लावल्या तरी काम होतं. पण शोधायच्या मजकुरात हॅश (#) असेल तर लाइक त्याला ‘कोणताही एक अंक’ समजतं. फाइंड (Find) पद्धत वेगवान आहे, फक्त तिच्यात ‘लुक-अ‍ॅट’ (पूर्ण सेल जुळायला हवा की त्याचा भाग चालेल) दरवेळी स्पष्ट लिहा. नाहीतर आधीच्या शोधातली निवड ती तशीच उचलते, अगदी कंट्रोल-एफच्या खिडकीत हाताने केलेलीसुद्धा. ‘काल चालणारा मॅक्रो आज चालत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं.

आता मला खरं महत्त्वाचं वाटतं ते. ‘आहे’ म्हणजे नक्की काय, हे कोड लिहिण्याआधी ठरवा. इनस्ट्रला ‘पेन’ हा शब्द ‘पेन्सिल’मध्येही सापडतो. आपल्या डोळ्यांना तिथे अर्धा न दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो पूर्ण न आणि त्यापुढे हलन्ताचं चिन्ह असतं. स्वतंत्र शब्दच हवा असेल तर मजकुरातल्या स्वल्पविराम-पूर्णविरामांच्या जागी रिकामी जागा घाला, मग मजकूर आणि शोधशब्द दोघांच्याही मागेपुढे एकेक रिकामी जागा जोडा, आणि मग शोधा. पेन्सिल गळून पडेल. मात्र ‘पेनची रिफिल’ही गळेल, कारण मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटूनच येतो! दोन्ही बाजू सांभाळणारी एक ओळ मला तरी माहीत नाही. अशा वेळी मी पेन, पेनची, पेनचे, पेनसाठी अशी रूपांची यादीच शीटवर ठेवते आणि प्रत्येक रूप स्वतंत्र शब्द म्हणून तपासते. काम कंटाळवाणं आहे, पण निकालावर विश्वास ठेवता येतो.

यादी शीटवरच ठेवण्याला आणखी एक कारण आहे. व्हीबीएच्या संपादकात देवनागरी टिकत नाही, अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. शोधशब्द सेलमधून वाचला की ही अडचण उरत नाही.

पण मग तो सेल रिकामा नाही ना, हे आधी तपासा. रिकामा शोधशब्द दिला तर इनस्ट्र शून्य देत नाही, १ देतं. म्हणजे मजकूर असलेली प्रत्येक ओळ ‘सापडली’ असं ठरतं. तसंच, ज्या सेलमध्ये सूत्राची चूक दिसतेय तो इनस्ट्रला दिला की मॅक्रो ‘टाइप मिसमॅच’ म्हणून थांबतो. त्यासाठी त्याआधी इझ-एरर (IsError) ही तपासणी लावा.

आणि सापडलेल्या ओळी खोडायच्या असतील तर पहिल्या फेरीत खोडू नका. शेजारच्या रिकाम्या रकान्यात नुसती खूण करा, फिल्टर लावून त्या ओळी डोळ्यांखालून घाला. मॅक्रोने केलेला बदल कंट्रोल-झेडने मागे घेता येत नाही. यादी पटली की दुसऱ्या फेरीत खालून वर जात खोडा. वरून खाली गेलात तर खोडलेल्या ओळीच्या जागी सरकलेली पुढची ओळ तपासायची राहून जाते.