भिंत आधी, नक्षी नंतर : आमची वाटचाल

साताऱ्यात आमचं घर रंगकामाचं. वडील चुन्याच्या आणि डिस्टेंपरच्या काळातले रंगारी. चुन्यात नीळ घालून भिंत पांढरीशुभ्र करायची, खाली कमरेइतका गेरूचा पट्टा ओढायचा आणि घरमालक हौशी असेल तर पट्ट्याच्या वर वेलबुट्टी उठवायची. तिचे छापे ते जुन्या एक्स-रे फिल्मवर कापत. फिल्म गरम पाण्यात भिजवून काळा थर खरवडला की चिवट, आरपार दिसणारा पत्रा हाती येई.

2009 साली मी आणि धाकट्या भावाने हेच काम स्टेन्सिलच्या, म्हणजे कापलेल्या छाप्यातून रंग उठवण्याच्या, नावाने सुरू केलं. तेव्हा घरोघरी वॉलपेपरची मागणी होती. पण मेढा-महाबळेश्वरकडच्या पावसात कागद भिंतीला टिकत नाही, कडा सुटतात. रंगाची नक्षी खराब झालीच, तर तेवढाच तुकडा पुन्हा करता येतो. हे पटलेली माणसं आमची पहिली गिऱ्हाइकं झाली.

छापा कापणं ही वेगळी विद्या आहे. ‘ठ’ अक्षर कापून पाहा : आतला गोल सुटून हातात येतो. त्याला धरून ठेवायला बारीक जोड सोडावे लागतात, आणि ते नक्षीचाच भाग वाटले पाहिजेत. आता आम्ही दोनशे-अडीचशे मायक्रॉन जाडीची मायलर शीट (चिवट प्लास्टिकचा पत्रा) वापरतो. कापायला मशीन आहे, तरी जोड कुठे ठेवायचे हे भाऊ पेन्सिलीनेच ठरवतो. मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं आम्ही अनेकदा पाहायला गेलो. त्या रंगांवर नजर बसली आणि आमची सोनेरी-चकचकीत डिझाइन्स कमी होत गेली, याचा मला आनंद आहे.

भिंतीवरचं काम मात्र हाताचंच. रंग स्पंजवर घ्यायचा, तो रद्दी कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करायचा आणि मग हलक्या हाताने थोपटायचा. रंग ओला राहिला की छाप्याखाली शिरतो आणि कडा फुटतात. एका दाट हातापेक्षा दोन पातळ हात केव्हाही चांगले. जुन्या घरांत कोपरे काटकोनात नसतात, म्हणून छताची रेघ धरून चालत नाही. ओळंबा सोडून मधली उभी रेघ आखतो, नक्षी तिथून दोन्ही बाजूंना नेतो आणि उरलेली तडजोड दाराआडच्या कोपऱ्यात जिरवतो.

ओल असलेल्या भिंतीवर आम्ही काम घेत नाही. आधी गळती बंद करा, प्लास्टर वाळू द्या, मग लांबी (पुट्टी), पॉलिश पेपर, प्रायमर आणि प्लास्टिक इमल्शन. खडूसारखा हाताला लागणारा डिस्टेंपर तसाच ठेवून वर नक्षी काढली, तर छापा धरायला लावलेली चिकटपट्टी काढताना रंगच सोलून येतो. यावरून काही कामं हातची गेली, पण ज्यांनी थांबून भिंत नीट करून घेतली, त्यांनीच पुढे नातेवाइकांकडे आमचं नाव सांगितलं.

आणखी एक नियम : वारली चित्रं आम्ही छाप्याने काढत नाही. मागणी भरपूर असते. पण गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीचं टोक चेचून काढलेली ती माणसं एकासारखी दुसरी कधीच नसतात. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली ती त्या हातासाठी. कोणाला वारलीच हवी असेल, तर डहाणूकडच्या कलाकारांना बोलवा, असं आम्ही सांगतो.

आज आमच्याकडच्या बहुतेक कारागीर बायका आहेत. रांगोळीने तयार झालेला त्यांचा हात स्पंजवर लवकर बसतो. पावसाळ्यात आम्ही छापे कापतो आणि नमुन्याच्या फळ्या रंगवतो. दसरा-दिवाळीच्या आधी कामांची गर्दी होते, तेव्हा गणपतीपूर्वीच भिंत दाखवून ठेवलेली बरी. नमुन्याची फळी घरी आठवडाभर ठेवतो. सकाळच्या उजेडात आणि रात्री दिव्याखाली रंग पाहा, मगच होकार द्या.