नाते, असल्यास

२०२४ साली छाया कदमने उभ्या केलेल्या दोन बायका माझ्या मनातून जात नाहीत. एक ‘लापता लेडीज’मधली मंजूमाई, रेल्वेच्या फलाटावर चहा-नाश्त्याचं दुकान चालवणारी. दुसरी ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’मधली पार्वती, मुंबईतल्या इस्पितळात स्वयंपाक करणारी रत्नागिरीकडची बाई. दोघी एकट्या, दोघींच्या हाताला चव आणि दोघींना कुणाची दया नको आहे.

या सिनेमांबद्दल बोलताना लोक प्रेमाबद्दल बोलतात, मैत्रीबद्दल, मुंबईच्या पावसाबद्दल. ते सगळं त्यांत आहेच. पण मी बँकेत मयत खातेदारांच्या दाव्यांचं काम बघते. समोर रोज कुणी ना कुणी मृत्यूचा दाखला घेऊन बसलेलं असतं. त्यामुळे मला या सिनेमांत सगळ्यात आधी कागद दिसले, आणि कागदांमागून माणसं.

पार्वतीचंच बघा. चाळीतल्या ज्या खोलीत तिने संसार केला, ती बिल्डरला हवी आहे. इतकी वर्षं ती तिथे राहतेय हे आख्ख्या चाळीला ठाऊक आहे, पण ते सिद्ध करणारा एकही कागद तिच्याकडे नाही. व्यवहार नवरा बघायचा. तो गेला आणि काय कुठे ठेवलंय, ठेवलंय तरी का, हे सांगायला कुणी उरलं नाही. सिनेमात यावर रडारड नाही. नर्स प्रभा तिला घेऊन वकिलाकडे जाते, तिथे कागदाशिवाय काही होणार नाही असं कळतं. मग एका रात्री दोघी मिळून त्या टॉवरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात. थिएटरमध्ये काहीजण हसले. मला हसू आलं नाही. काउंटरपलीकडे बसलेल्या किती बायकांना असा एक दगड हवा असेल, असं वाटत राहिलं.

दर आठवड्याला एकतरी पार्वती माझ्या टेबलाशी येते. “यांचं खातं होतं इथे, एवढं माहितीय.” पासबुक नाही, ठेवीची पावती नाही, वारसदार, म्हणजे नॉमिनी, लावलेला नाही. कितीतरी वेळा असंही होतं की वारसदार म्हणून लग्नाआधी लावलेलं आईचं नाव तसंच राहिलेलं असतं आणि ती आई खातेदाराच्याही आधी वारलेली असते. मग वारसांची यादी, ना-हरकत, प्रतिज्ञापत्र, रक्कम मोठी असेल तर कोर्टाचा दाखला. नवऱ्याचं सगळं आजारपण एकटीने काढलेली बाई ‘तुम्ही त्यांच्या पत्नी आहात याचा पुरावा द्या’ हे वाक्य ऐकते तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

माझी आई पार्वती झाली असती. झाली नाही, कारण ती हट्टी आहे. माझे वडील लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातल्या अनेकांसारखे आमचे बाबाही पुन्हा आत गेले नाहीत. त्या काळात आईने खाणावळीचे डबे केले. घरात दाणा नसेल पण खोलीची भाडेपावती दर महिन्याला फाडून घ्यायचीच, हा तिचा नियम होता. पावत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, तारखेच्या क्रमाने, दोऱ्याने बांधलेल्या. बाबा गेल्यावर दिवसकार्य आटोपलं आणि ती डबा घेऊन घरमालकाच्या मुनीमाकडे जाऊन बसली. “पावती माझ्या नावाची फाडा.” भाडेकरूबरोबर राहणाऱ्या घरच्यांना भाडेहक्क मिळतो हे तिला कायद्याच्या पुस्तकातून नाही, चाळीतल्या दुसऱ्या बायकांकडून कळलं होतं. मुनीम आज-उद्या करत राहिला, ही रोज जात राहिली. शेवटी पावती तिच्या नावावर झाली.

लहानपणी मला तो डबा म्हणजे आईचा कंजूषपणा वाटायचा. पार्वतीला तिच्या गावच्या घरात अंधारात सामान लावताना बघितलं तेव्हा कळलं की त्या डब्यात आमचं सगळं लालबाग होतं.

‘लापता लेडीज’मधल्या फूलकडे तर पार्वतीइतकंही नाही. गोष्ट २००१ची. घुंघटामुळे नवऱ्या बदलतात आणि फूल भलत्याच स्टेशनवर एकटी राहते. सासरच्या गावाचं नाव काहीतरी फुलावरून आहे, एवढंच तिला माहीत. तिकडे तिचा नवरा पोलिसांना लग्नाचा फोटो दाखवतो तर त्यात तोंडभर पदर. चेहरा नाही, पत्ता नाही. दिग्दर्शिका किरण राव यांनी हे हसत-खेळत दाखवलंय, पण आपल्याकडे हे फार लांबचं आहे असं कुणी समजू नये. आमच्या शाखेत केवायसीसाठी गावाकडच्या आज्या फोटो आणतात, त्यात डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला असतो. नवऱ्याचं नाव विचारलं की त्या नातवाकडे बघतात. मी अशा वेळी काय करायला शिकले आहे सांगू? पेन त्यांच्या हातात देते आणि म्हणते, “आजी, आधी तुमचं नाव. तुमचं पूर्ण नाव सांगा.” मंजूमाई फूलला हेच तर करते. कौतुक नाही, उपदेशही फारसा नाही, सरळ कामाला लावते. कलाकंद करायला सांगते आणि त्याचे पैसे हातावर ठेवते. आयुष्यातली पहिली कमाई हातात घेतलेल्या त्या मुलीचा चेहरा मी पुनःपुन्हा मागे नेऊन बघितला.

आईला मी हा सिनेमा घरी दाखवला. शेवटी मी डोळे पुसत होते. आई म्हणाली, “दुकान कुणाच्या नावावर होतं गं तिचं?”

मी म्हटलं, सिनेमात ते नाही सांगितलेलं.

“सांगायला हवं होतं,” असं म्हणून ती पाणी प्यायला उठली.

तिसरा सिनेमा रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’, म्हणजे निवडुंगाची फळं. जानेवारी २०२५ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागातलं ज्युरीचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं आणि सप्टेंबरात तो आपल्याकडे लागला. वडील वारले म्हणून मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. नातेवाईक लग्नावरून भंडावून सोडतात. तो समलिंगी आहे हे आईला मात्र माहीत आहे आणि ती त्याच्या बाजूने आहे. गावातला बाळ्या त्याच्यासाठी काटे काढलेली साबर बोंडं आणतो. पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे दोघांमधली शांतता आपल्याही अंगावर येते. इतकी माया मी हल्लीच्या मराठी पडद्यावर फार कमी पाहिली आहे.

तो बघून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी डीए-१चा फॉर्म हातात घेतला. खात्याला वारसदार लावायचा फॉर्म. त्यात एक रकाना आहे: खातेदाराशी नाते, असल्यास. इतकी वर्षं मी तो भरून घेतेय. लोक ‘पत्नी’, ‘मुलगा’, ‘भाऊ’ लिहितात. ‘असल्यास’ लिहिलंय म्हणजे तिथे नातं नसलेलं माणूसही चालतं, याचा विचार मी कधी थांबून केला नव्हता. आनंदने बाळ्याचं नाव दिलं तर बँकेला हरकत घ्यायचं कारण नाही. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राच्या अर्थ खात्याने हे स्पष्टही केलं: समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं काढायला आणि एकमेकांना वारसदार लावायला कसलीही बंदी नाही. हे पत्रक आमच्याकडे आलं, फाइलला लागलं. ते कुणासाठी आहे हे मला त्या सिनेमाने दाखवलं. आता दोन मित्र किंवा दोन मैत्रिणी अवघडून समोर उभ्या राहिल्या की मी स्वतःहून फॉर्म पुढे करते आणि आवाज खाली ठेवते. बाकीच्या रांगेने ऐकायची गरज नाही.

(एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती न कळल्याने घरं भांडतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे त्याच्या हातात देते, पण कायदेशीर वारसांचा हक्क त्याने जात नाही. तुमचं माणूस कायद्याने वारस ठरत नसेल तर नॉमिनेशनवर थांबू नका, मृत्युपत्र करा. साध्या कागदावरही होतं, दोन साक्षीदार लागतात.)

१ नोव्हेंबर २०२५पासून ठेवींना एकाऐवजी चार जणांपर्यंत नावं लावता येतात, प्रत्येकाचा टक्का ठरवून. मी आईला सांगितलं तेव्हा तिने लगेच चष्मा मागितला. पहिली तीन नावं झटकन झाली: दादा, मी, माझी मुलगी. चौथं नाव तिने शेजारच्या काकूंचं सांगितलं. मी दिवसभर बँकेत असते, दादा पुण्याला. आईला दवाखान्यात नेणं, गोळ्या आणणं, रात्री दार वाजवून “जेवलात का?” विचारणं, सगळं काकूच करतात.

“नात्याच्या रकान्यात काय लिहू?” मी विचारलं.

“लिही शेजारीण. आणि दहा टक्के कर.”

थोड्या वेळाने म्हणाली, “दहा नको, पंधरा.”

ते पाच टक्के दादाच्या वाट्यातून जाणार आहेत. त्याला मी अजून बोललेले नाही. रविवारी तो येतोय, तेव्हा आपण स्वतः सांगू असं आई म्हणते. फॉर्म तिने पावत्यांच्या डब्यात ठेवलाय, सही करून.