गंज का काढत नाही?

घरी पाहुणे आले की चहाआधी तलवार बघायची असते. मी मांडी घालून बसते, पातं म्यानातून काढते, मुठीतली बांबूची खुंटी हलकेच ठोकून बाहेर घेते. मूठ सुटते आणि इतका वेळ झाकलेलं बूड दिसतं, काळपट तपकिरी गंजानं भरलेलं. मग हमखास प्रश्न येतो, "एवढी निगा राखता, मग हा गंज का काढत नाही?" आई तर व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "चिंच लावून घास गं, लख्ख होईल." उघड्या पात्यावर बोलायचं नसतं, थुंकीचा एक शिंतोडाही डाग पाडतो, म्हणून मी त्या वेळी गप्प असते. तुम्ही विचारलंत म्हणून आता लिहून सांगते.

मी राहते जपानमधल्या ओकायामाला. पुणेकरांना हे नाव सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानामुळे, म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यानामुळे, माहीत असतं. या भागातला जुना बिझेन प्रांत तलवारींसाठी प्रसिद्ध. योशीई नदीकाठचं ओसाफुने हे तिथलं लोहारांचं गाव. माझी तलवार याच गावची, सोळाव्या शतकातली, 51 सेंटिमीटरची. एक ते दोन शाकू, म्हणजे साधारण 30 ते 60 सेंटिमीटर लांबीच्या पात्याला वाकिझाशी म्हणतात. सामुराई कुणाच्या घरी गेला की लांब तलवार बाजूला ठेवायचा, ही मात्र कमरेला राहायची. पुढे एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, व्यापाऱ्यांनाही आखूड तलवार बाळगता येई.

आता गंज, पण आधी पातं कसं घडतं ते. आपल्याकडे पोलादाला पाणी देतात, तसंच हेही. वाळूतलं लोखंड कोळशाच्या भट्टीत वितळवून पोलाद काढायचं, ते ठोकून, घडी घालून, पुन्हा ठोकायचं. दहा-पंधरा घड्यांत हजारो थर होतात. मग मातीचा लेप, पाठीवर जाड आणि धारेवर पातळ, आणि लालबुंद पातं पाण्यात. पातळ लेपाखालची धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ मऊ राहते आणि याच झटक्यात पातं वाकतं. धारेजवळची धुरकट नागमोडी रेषा म्हणजे या दोन पोलादांची सीमा. मला स्वतःला या रेषेपेक्षाही बिझेनच्या जुन्या पात्यांवर उजेड तिरपा धरला की दिसणारी धुक्यासारखी छाया जास्त आवडते. माझ्या तलवारीत ती नाही, हेही सांगून टाकते.

पात्याला पॉलिश करणारा वेगळा कारागीर असतो. बुडाला मात्र तो हात लावत नाही. लोहारानं तिथे कानशीचे तिरपे चरे काढून सोडलेले असतात आणि छिन्नीनं आपलं नाव कोरलेलं असतं. पुढचं काम शतकांचं. जुना गंज गडद आणि घट्ट, नवा लालसर आणि भुसभुशीत. कुणी मागाहून बड्या लोहाराचं नाव कोरलं, तर अक्षरांच्या खाचांतला गंज भोवतालच्या गंजाशी जुळत नाही आणि चोरी पकडली जाते. लांब तलवार कापून आखूड केली असेल, तर तेही गंजाच्या रंगांवरून कळतं. म्हणजे चिंच लावली की जन्मदाखलाच धुतला गेला!

माझ्या दाखल्यावर जपानी लिपीतली सहाच चित्राक्षरं आहेत: बिशू (म्हणजे बिझेन) ओसाफुने सुकेसादा. ऐकायला भारदस्त, पण सुकेसादा नावानं डझनांनी लोहार काम करत. खास मागणीच्या तलवारीवर लोहार आपलं पूर्ण नाव, कधी गिऱ्हाइकाचंही कोरत. नुसतं आडनावासारखं सुकेसादा म्हणजे बहुतेक वेळा युद्धाच्या धामधुमीत घाऊक बनवलेला माल. माझी तशीच आहे. विकत घेताना दुकानदारानं हे स्वतःहून सांगितलं, त्यामुळे मी ती निश्चिंतपणे घेतली. त्याच शतकाच्या अखेरीला योशीई नदीच्या पुरानं ओसाफुनेची लोहारवस्ती जवळजवळ पुसून टाकली.

परवान्याचंही विचारता. जपानमध्ये नोंदणी तलवारीची होते, माणसाची नाही. कागद तलवारीबरोबर फिरतो, मालक बदलला की 20 दिवसांत कळवायचं, बस.

निगेसाठी मी पात्याला पातळ तेल लावते. त्याला लवंगेचा वास असतो. मागच्या वेळी आई इथे आली होती, तेव्हा दिवाणखान्यात शिरताच म्हणाली, "कुणाची दाढ दुखतेय?"