नॅरोबोटवरचा हिवाळा: झरोके बुजवू नका

इंग्लंडच्या कालव्यांवरची नॅरोबोट म्हणजे जेमतेम सात फूट रुंदीची पोलादी लांबोडकी खोली. नोव्हेंबर ते मार्च या काळात दुरुस्तीसाठी बरीच लॉक, म्हणजे बोट वरच्या किंवा खालच्या पातळीला नेणारे दरवाजेबंद टप्पे, बंद ठेवतात. म्हणून मुक्काम आधीच ठरवावा. पाण्याचा नळ आणि टॉयलेटची कॅसेट, म्हणजे मैल्याची काढता येणारी टाकी, रिकामी करायची सोय चालत जाण्याइतकी जवळ हवी.

गारठा वाढला की छपरावरच्या झरोक्यांत चिंध्या कोंबायचा मोह होतो. तेवढं करू नका. स्टोव्हला हवा लागतेच, शिवाय स्वयंपाकाचा एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन केबिनमध्ये येतं. ते काचांवर, ॲल्युमिनियमच्या चौकटींवर आणि गादीखाली जमतं. काचा पुसता येतात. गादीला मात्र बुरशी लागते, म्हणून तिच्याखाली हवा खेळेल अशा लाकडी पट्ट्या टाका.

स्टोव्ह रात्रभर टिकवायचा तर लाकडाचा भरवसा नाही, आणि ओलं लाकूड धुराड्यात डांबर साठवतं ते वेगळंच. झोपण्याआधी जाळी हलवून राख पाडा, ट्रे रिकामा करा, निखाऱ्यांवर निर्धूर कोळशाच्या गोळ्या भरा, त्या नीट पेटू द्या आणि मगच खालची हवा कमी करा. स्टोव्ह थंड असताना दारात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर दाराच्या कडेची, फट बंद करणारी दोरी बदलायला झाली. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, तीही बाहेर. विझल्यासारखे दिसणारे निखारेसुद्धा कार्बन मोनॉक्साइड सोडतात. त्याचा अलार्म तिथल्या बोटींची सुरक्षितता तपासणाऱ्या बोट सेफ्टी स्कीमने २०१९ पासून सक्तीचा केला, पण झरोके बुजवायला ती परवानगी नव्हे.

सिलिंडर भरलेला असूनही शेगडी पेटत नसेल तर तो बहुधा ब्युटेनचा आहे. शून्याच्या आसपास ब्युटेनचा वायू होईनासा होतो. हिवाळ्यात प्रोपेनच घ्या.

बोट बंद करून जाणार असाल तर पंप बंद करा, गरम पाण्याची टाकी आणि नळ्या रिकाम्या करा, शॉवरसकट सगळे नळ उघडेच ठेवा. शॉवरच्या मिक्सरमध्ये, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळात, अडकलेलं थोडं पाणी गोठलं तरी तो फुटतो. मुक्कामाला असाल तर हिमाचा अंदाज आला की बोटीची पाण्याची टाकी भरून घ्या, कारण काठावरचा नळ गोठला की पाणी मिळायचं नाही.

कालवा गोठला असेल तर बोट हलवू नका. बर्फाच्या धारेने पाण्याच्या रेषेवरचं डांबरी रोगण खरवडतं, आणि शेजारी फायबरग्लासची बोट असेल तर तिच्या अंगावर बर्फाचे तुकडे ढकलले जातात.