मे महिना, पोरं आणि भरती-ओहोटीचं गणित

ताईंचं तिकीट शेवटी कन्फर्म झालं. शुक्रवारी पहाटे मडगावला उतरतायत, त्या, भाऊजी आणि दोन्ही पोरं, थोरला अकरा वर्षांचा, धाकटी सहाची, मध्ये आमचा लेक आठचा. आई-बाबा तर आहेतच. आठवडाभर फोंड्यातलं आमचं घर नुसतं भरून जाणारे आणि मला खरंच कधी एकदा येतायत असं झालंय, कारण नणंदेची पोरं म्हणजे या घराची भाचरं, आणि भाचरांनी मे महिन्यात आजोळी यायचं नाही तर कधी यायचं.

काल रात्री भाऊजींनी व्हॉट्सॲपवर प्लॅन पाठवला. ऑफिसातून आल्यावर बसून मनापासून केलाय, दिसतंच ते. पहिल्या दिवशी आग्वाद, कळंगुट, बागा, हणजूण, शापोरा. दुसऱ्या दिवशी जुने गोवे, मंगेशी, मिरामार, दोनापावल आणि संध्याकाळी मांडवीतली बोट. तिसऱ्या दिवशी दूधसागर आणि जमलं तर कोलवा. हॉटेलात उतरणाऱ्याला असे प्लॅन ठीक असतील, पण मी ते वाचताना धाकटीचा चेहरा डोळ्यासमोर आणत होते. मे महिन्यातली आमची हवा म्हणजे सकाळी नऊला घाम सुरू, फोंड्याहून कळंगुटला ट्रॅफिकमधून जायचं तर तास-दीड तास, तिथे पार्किंग शोधायचं, मग "चला चला पुढचा पॉइंट". पोरं सगळा गोवा गाडीच्या काचेतून बघणार आणि रात्री तापलेली, चिडलेली, न जेवता झोपणार. आणि दूधसागर मेमध्ये सुकलेला असतो, त्याचं खरं रूप पावसाळ्यात आणि पाऊस संपता संपता.

म्हणून आज सगळं आवरल्यावर कॅलेंडर आणि पेन घेऊन बसले. पहिलं काय केलं तर बारा ते चार या वेळेवर सगळ्या दिवसांत सरळ काट मारली. या वेळात पोरं घरात. गोव्यात दुपारी दुकानदारसुद्धा शटर ओढून जेवून आडवा होतो, त्याला कारण आहे. मानकुराद आंबे आहेत, पंख्याखाली गार लादी आहे, बाबांकडे पत्त्यांचे दोन जोड आहेत. राहिल्या सकाळी आणि संध्याकाळी, आणि त्यातलीही एकच वेळ बाहेरची, दुसरी मोकळी. म्हणजे एका दिवसात एकच जागा, पण तिथे भरपूर वेळ. पोरांना जागा मोजायच्या नसतात हो, एखादी गोष्ट आवडली की ती पुन्हा पुन्हा करायची असते, आणि ते पुन्हा पुन्हा करायला वेळच नसेल तर नेऊन उपयोग काय.

दर्या हवाच. पुण्याची पोरं, त्यांना दर्या पहिला. पण तो कुठल्या दिवशी आणि किती वाजता हे भाऊजींच्या प्लॅनमध्ये कुठेच नव्हतं, आणि माझ्या मते सगळ्यात आधी तेच ठरवायला हवं. आईंचं माहेर किनाऱ्यावरच्या मांद्र्याचं, त्यांनी मला लग्नानंतर शिकवलेलं गणित असं की तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती पुरी, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी पुरी. अमावास्या धरायची पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे साधारण साडेअकराला भरती आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास पाणी पार मागे गेलेलं. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो, भरती पण तेवढीच पुढे पुढे सरकते, म्हणून हे जमतं. मोबाईलवरच्या चार्टशी मी ताडून बघते, थोडंफार इकडेतिकडे होतं, पण आठवड्याचा प्लॅन करायला एवढं पुरेसं आहे. (थोरल्याला हे गणित मी देणार नाही, आजीलाच द्यायला सांगणारे. आजीकडून मिळालेलं तो विसरणार नाही.)

तर शनिवारी अमावास्या आहे. म्हणजे शनिवारची संध्याकाळ बाणावलीच्या किनाऱ्यावर. ऊन उतरलेलं आणि पाणी मागे सरलेलं, दोन्ही एकाच वेळी, असं महिन्यात मोजक्याच दिवशी जुळतं. त्याच्या पुढच्या शनिवारी अष्टमी, तेव्हा संध्याकाळी सहालाच भरती पुरी असेल, ओहोटीची ओली वाळू उघडी नसेल, त्या दिवशी दर्यावर जायचं नाही.

ओहोटीसाठी माझा एवढा हट्ट का, तर त्या बारीक खेकड्यांसाठी. पाणी मागे गेलं की ओल्या, सपाट वाळूवर गोळ्यांची नक्षी दिसायला लागते. साबुदाण्याएवढ्या गोळ्या, मधोमध एक भोक आणि त्याच्या भोवती किरणांसारख्या रांगा. येणारेजाणारे त्यावरून चालत जातात, खाली बघत पण नाहीत. ते काम वाटाण्याएवढ्या खेकड्याचं असतं. तो वाळू तोंडात घेतो, तिच्यात जे काही खाण्याजोगं असेल ते चाळून घेतो, उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो, मग परत दुसरा घास. आपलं पाऊल पडलं की सगळे एका क्षणात आत. पण तिथेच उकिडवं बसून राहिलं, हललंच नाही, तर थोड्या वेळाने आधी डोळ्यांच्या दोन काड्या वर येतात, मग अर्धा खेकडा, मग पुन्हा घास सुरू. आमचा लेक गेल्या वर्षी असा बसला होता, एरवी जेवताना पाच मिनिटं खुर्चीवर न टिकणारा पोरगा, आणि मी हाक मारली तर बोटाने गप्प राहा म्हणाला. धाकटीला मला हे दाखवायचंय. पुढच्या भरतीला ती सगळी नक्षी पुसली जाते आणि ओहोटीला खेकडे परत पहिल्यापासून मांडतात, हे तिला सांगितलं की ती काय विचारेल याची मी आत्तापासून वाट बघतेय.

पाण्यात जायचं ते फक्त लाल-पिवळे झेंडे लावलेत त्यांच्या मधल्या पट्ट्यात, तेही गुडघ्याएवढ्या पाण्यात आणि मोठ्या माणसाचा हात धरून. नुसता लाल झेंडा असेल तर पाय पण ओले करायचे नाहीत, मग कोणी कितीही रडो. संध्याकाळी सहानंतर लाईफगार्डची ड्युटी संपते, त्यामुळे सहाला सगळे पाण्याबाहेर, वाळूत काय खेळायचं ते खेळा. आणि मेच्या शेवटाकडे दर्या खवळायला लागतो, वरून शांत दिसला तरी खालून ओढतो, हे भाऊजींशी मी स्वतः बोलणारे कारण त्यांना पोहता येतं आणि पोहता येणाऱ्यांचीच मला जास्त काळजी वाटते.

सकाळच्या वेळेचं म्हणाल तर त्यातली सगळ्यात भारी गोष्ट आमच्या दारातच येते, पोदेर, म्हणजे सायकलवरून येणारा पाववाला. सहा-साडेसहाला त्याचा पों-पों हॉर्न ऐकू आला की तिन्ही पोरांनी पिशवी घेऊन पळायचं, असं ठरवलंय. सायकलच्या मागे ती मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, ते बाजूला केलं की गरम वास. पावाचेच प्रकार सगळे, उंडे किती, पोळी किती, कातरे किती हे त्यांनीच सांगायचं, पैसे त्यांनीच द्यायचे, सुट्टे त्यांनीच मोजून घ्यायचे. आणि एखादं कडक कांकण धाकटीच्या मनगटात घालायला, ती आधी बांगडी म्हणून मिरवेल आणि मग चहात बुडवून खाईल. पुण्यात बंद पिशवीतला पाव खाणाऱ्या पोरांना आपला पाव कोण आणतो हे कळलेलं बरं. नंतर त्याच पावाबरोबर पातळ भाजी, झालं ब्रेकफास्टचं काम.

रविवारी सकाळी चोडण, मांडवी नदीतलं बेट. रायबंदरच्या धक्क्यावर गाडी लावायची आणि फेरीबोटीतून पायी पलीकडे. पोरांना बोटीचा जो आनंद होतो तो पैसे देऊन घेतलेल्या क्रूझमध्ये पण मिळेल असं मला वाटत नाही, कारण इथे स्कूटरवाले, मासळीची टोपली घेतलेल्या बाया, कामावर चाललेले लोक सगळे बरोबर असतात. मांडवीचं पाणी एकदम जवळ. पलीकडे उतरलं की सलीम अली पक्षी अभयारण्य, पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपासची खारफुटी. मेमध्ये थंडीतले पाहुणे पक्षी गेलेले असतात, त्यामुळे पक्षी भरपूर दिसतील असं पोरांना सांगून न्यायचं नाही. पण खंड्या दिसतो, बगळे दिसतात, आणि चिखलात निवट्या असतात, हा मासा पाण्याबाहेर येऊन चिखलावर उड्या मारतो, थोरल्याला मासा जमिनीवर कसा जगतो हा प्रश्न पडणार म्हणजे पडणारच. खारफुटीची चिखलातून वर आलेली मुळं पण दाखवायची, श्वास घ्यायला वर आलेली. रविवारचं सुटीचं वातावरण आहे म्हणून सात-साडेसातला निघायचं, अकराच्या आत परत.

वारांचं पण बघायला लागतं. बोगमाळोचं नौदलाचं विमानांचं म्युझियम सोमवारी बंद, बोंडलाचं प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद. म्हणून म्युझियम मंगळवारी आणि बोंडला बुधवारी सकाळी टाकलंय. म्युझियम थोरल्यासाठी. जागच्या जागी सरळ उठणारं आणि सरळ उतरणारं सी हॅरियर तिथे समोर उभं आहे, आणि ते चार पंख्यांचं भलंमोठं सुपर कॉन्स्टेलेशन, त्याच्या पोटाखाली उभं राहिलं की आपण केवढेसे वाटतो.

गुरुवार मात्र मी उसगाळीमळला ठेवलाय आणि तो दिवस मी कोणालाही बदलू देणार नाही. रिवणच्या बाजूला, कुशावती नदीच्या काठी, जांभ्या दगडाच्या सपाट कातळावर कोरलेली चित्रं आहेत, बैल, हरणं, मोर, माणसं. 1993 साली अभ्यासकांच्या नजरेत आली. तिथे एक चक्रव्यूह आहे, गोल गोल आत जाणारी वाट. पोरांना तिथे नेलं की आधी काहीच दिसत नाही, नुसता काळपट लाल दगड, मग एकाला एक शिंग दिसतं आणि तो ओरडतो, मग सगळा कातळ जिवंत होतो. सकाळचं तिरकं ऊन असेल तर रेषा स्पष्ट उठतात, म्हणून लवकर जायचं, फोंड्याहून दीडेक तास धरला पाहिजे. चपला काढून, रेषांवर पाय न देता कडेने बसायचं आणि चक्रव्यूहाची वाट नुसत्या बोटाने हवेत काढायची, दगडाला खरवडायचं नाही. तिकीट काढून रांगेत उभं राहून बघायच्या जागेपेक्षा ही जागा माझ्या पोरांच्या आठवणीत राहावी असं मला फार वाटतं. त्यांची आई इथे वाढलीय, हा त्यांचा पण गोवा आहे, तो फक्त जाहिरातीतल्या बीचपुरता नाही.

आई-बाबांसाठी शुक्रवारी मंगेशी आणि म्हार्दोळची म्हाळसा, घराजवळ आहे, चढउतार फारसा नाही, पोरांना तळी आणि दीपस्तंभ बघायला मोकळं अंगण. जुने गोवे तिथून पुढे, जमलं तर. बॉम जेझूचं चर्च 1605 मधलं, आत थंडगार असतं, पोरं वीस मिनिटं नक्की रमतात, त्याहून जास्त ताणायचं नाही.

एक गोष्ट कुठल्याच प्लॅनमध्ये कोणी लिहीत नाही म्हणून मी वेगळ्या पानावर लिहिलीय, टॉयलेट. सहा वर्षांच्या मुलीला आणि सत्तरी ओलांडलेल्या आईंना घेऊन निघायचं तर प्रत्येक ठिकाणी स्वच्छ जागा कुठे मिळेल हे आधी माहीत हवं. जिथे खात्री नाही तिथे जायच्या आधी वाटेत एखाद्या हॉटेलात चहाला थांबायचं आणि ते काम उरकायचं. गेल्या वर्षी एका नावाजलेल्या स्पॉटवर कुलूप लावलेलं टॉयलेट बघून आईंनी पुढचे दोन तास पाणीच प्यायलं नाही, त्या उन्हात. इतकी माणसं येतात, इतका पैसा येतो, आणि बायकांची, लेकरांची ही साधी सोय होत नाही याचा मला मनापासून राग येतो.

सोमवार पूर्ण मोकळा ठेवलाय. कोणी विचारलं की सोमवारी काय, तर काही नाही. बाबा पोरांना काजूच्या झाडांकडे नेतील, हंगाम संपत आलाय पण थोडी बोंडं मिळतील, खाली पडलेल्या बोंडाची बी कशी पिळून काढायची ते दाखवतील, कपड्यांना डाग पडतील, पडू देत.

भाऊजींना आत्ताच मेसेज टाकला, त्यांचा प्लॅन पुसला नाही म्हणून, आग्वाद आणि मांडवीतली बोट शेवटच्या दोन संध्याकाळी ठेवलीय, बाकीचं बदलायला परवानगी मागितली. ताईंना वेगळा मेसेज, पोरांचे जुने सुती कपडे आणा, टोप्या तीन, पट्ट्याचे सँडल आणा, बूट नकोत, धाकटीची पाण्याची बाटली झाकण घट्ट लागणारी, थोरल्याकडे दुर्बीण असेल तर ती पण, आणि तुमच्याकडची सुकी भेळ दोन पाकिटं, दुपारी पत्ते खेळताना लागेल. दोन निळ्या टिका आल्या, वाचलंय, टायपिंग दाखवतंय.