मराठी स्लगमधून किरकोळ शब्द गाळावेत का?

ब्लॉग चालवायची प्रणाली वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून स्लग, म्हणजे वेबपत्त्याचा शेवटचा भाग, आपोआप तयार करतं. त्यातले 'आणि', 'साठी', 'कसे' असे शब्द प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) लावून गाळावेत का? इंग्रजी ब्लॉगसाठी हा बराचसा आवडीचा प्रश्न आहे. मराठीत मात्र प्रश्न जागेचा आहे.

स्लगला डेटाबेसमध्ये 200 अक्षरांची जागा असते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तिथे टक्क्याच्या खुणांसह (जसं 'ळ'चं %E0%A4%B3) साठवलं जातं आणि नऊ अक्षरं खातं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात, त्यामुळे एकटा 'ळ्या' 36 अक्षरं घेतो. म्हणजे जेमतेम 22 चिन्हं मावतात.

'पावसाळ्यात घराच्या भिंतींना ओल येऊ नये म्हणून काय करावे' हे शीर्षक घ्या. स्लग होतो 'पावसाळ्यात-घराच्या-भिंती', आणि तिथेच तुटतो. ज्या विषयावर लेख आहे ती ओल पत्त्यात येतच नाही. पुढे भिंतींच्या बुरशीवर तशाच सुरुवातीचा दुसरा लेख लिहिलात, तर त्याच्या स्लगला शेवटी 2 चिकटतो आणि दोन्ही पत्ते सारखेच दिसतात.

तरीही प्लगइनमध्ये गाळायच्या शब्दांची यादी लावून शब्द गाळणं मला पटत नाही. मराठीत 'साठी', 'मध्ये', 'च्या' शब्दाला जोडूनच येतात, यादीला ते सापडत नाहीत. जे सापडतात त्यात धोका असतो. यादीत 'वर' असला की 'वधू वर मेळावा'मधला वर गायब, 'कर' असला की 'मालमत्ता कर'मधला कर. 'नाही' किंवा 'नये' गेलं तर अर्थच उलटतो.

त्यापेक्षा प्रकाशित करण्याआधी स्लग हाताने लिहा: 'भिंतींची-ओल-पावसाळा'. याची 155 अक्षरं होतात. विषयाचं नाम आधी, संदर्भ नंतर, क्रियापद शक्यतो नकोच. नकार विषयाचाच भाग असेल तर तो ठेवा. गूगलच्या क्रमवारीसाठी ही खटपट करू नका. पत्त्यातल्या शब्दांचा तिथे जवळजवळ काहीच परिणाम होत नाही, असं गूगल स्वतःच सांगतं. पत्ता वाचून लेख कशावर आहे ते वाचकाला कळावं, एवढ्यासाठीच हे करायचं.

जुने स्लग मात्र केवळ नीटनेटकेपणासाठी बदलू नका. बदलावेच लागले तर लक्षात ठेवा: पोस्टचा (ब्लॉगवरच्या लेखाचा) जुना पत्ता वर्डप्रेस स्वतः नव्याकडे वळवतं, पेजच्या (स्थिर पानाच्या) बाबतीत जुन्या स्लगची अशी नोंद ते ठेवत नाही. तिथे 301 रीडायरेक्ट (जुना पत्ता कायमचा नव्याकडे वळवणारी सूचना) आपणच लावायचा आणि जुना पत्ता ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (खासगी) खिडकीत उघडून तपासायचा, कारण ब्राउझर आधीचा 301 लक्षात ठेवतो.