कुत्र्याने बॉल पळवला आणि पेनल्टी मला

मागच्या रविवारी गोल्फ खेळताना सातव्या होलवर माझा दुसरा शॉट असा काही लागला की मी स्वतःच क्लब (गोल्फची काठी) तसाच वर धरून बघत राहिलो. फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या मधोमध, ग्रीन (भोकाभोवतीचं गुळगुळीत गवत) समोर दिसतंय, बॉल मस्त थांबलाय. तेवढ्यात झाडीतून एक तांबडं कुत्रं आलं, बॉल हुंगला, तोंडात धरला, वीसेक पावलं पळालं आणि चव आवडली नसावी म्हणून रफमध्ये, म्हणजे कडेच्या उंच गवतात, टाकून निघून गेलं. आता मला एकच नियम तोंडपाठ, बॉल जिथे असेल तिथून खेळायचा. तसा खेळलो, वर स्वतःच्या खिलाडूपणावर खूष. होल संपल्यावर आमच्या ग्रुपमधले काका म्हणाले, "दोन स्ट्रोक जास्त लिही रे." म्हणजे दोन फटक्यांचा दंड.

"काका, पण बॉल कुत्र्याने नेला होता!"

"म्हणूनच तर."

त्या दिवशी जाम चिडलो होतो, पण घरी येऊन नियम वाचले तर काका शंभर टक्के बरोबर. थांबलेला बॉल कुत्रा, पक्षी, प्रेक्षक, कुणीही बाहेरच्याने हलवला तर तो मूळ जागी परत ठेवायचा, पेनल्टी शून्य, आणि बॉल मिळालाच नाही तर दुसरा ठेवायचा. मी खेळलो कुत्र्याने ठरवलेल्या जागेवरून, म्हणजे चुकीच्या जागेवरून, म्हणून दोन स्ट्रोक. गंमत अशी की तोच बॉल चालता असताना कुत्र्याला आपटून रफमध्ये गेला असता तर मात्र तिथूनच खेळायचा होता. आणि चालता बॉल त्याने तोंडातच पकडला असता तर जिथे पकडला त्या जागेच्या अंदाजाने फुकट ड्रॉप, म्हणजे दंडाशिवाय बॉल हातातून खाली सोडून खेळायचं. ग्रीनवरून पट (बॉल घरंगळवणारा हलका फटका) मारला आणि तो ग्रीनवरच कुत्र्याला लागला तर आणखी वेगळं, तो स्ट्रोक धरायचाच नाही, परत मारायचा. एकच कुत्रं, चार उत्तरं! सुरुवातीला हे डोक्यात जातं, पण मग लक्षात येतं की नियम दरवेळी आधी दोन गोष्टी विचारतो, बॉल थांबला होता का चालू होता, आणि हलवला कुणी.

१९९८ च्या प्लेअर्स चॅम्पियनशिपमध्ये हेच झालं होतं, अमेरिकेतल्या सॉग्रास कोर्सचं सतरावं होल, चहूबाजूंनी पाणी असलेलं ते प्रसिद्ध ग्रीन, एका खेळाडूचा बॉल ग्रीनवर थांबलेला आणि एका सीगलने तो चोचीत उचलून थोडं उडून पाण्यात टाकला. त्या खेळाडूने दुसरा बॉल मूळ जागी ठेवला, पेनल्टी नाही. पण तिथे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं हे महत्त्वाचं. बॉल सापडत नाहीये आणि 'कुणीतरी प्राण्याने नेला असेल हो' असं चालत नाही, निदान ९५ टक्के खात्री लागते, नाहीतर तीन मिनिटं शोधायचं आणि मग हरवलेला बॉल, एक स्ट्रोक दंड घेऊन आधी जिथून मारला तिथे परत जायचं.

वाऱ्याचं आणि उताराचं प्रकरण मला सगळ्यात अन्यायाचं वाटायचं. निसर्गाने बॉल हलवला तर साधारणपणे नव्या जागेवरून खेळायचं, बिचारा वारा काही बाहेरचा धरत नाहीत. २०१९ च्या फिनिक्स ओपनमध्ये शेवटच्या दिवशी अकराव्या होलवर रिकी फाउलरचा बॉल पाण्यात गेला, त्याने पेनल्टी घेऊन ड्रॉप केला, बॉल टिकेना म्हणून हाताने ठेवला, मग जरा पुढे जाऊन ग्रीन बघत होता तर मागे बॉल आपला आपण घरंगळत परत पाण्यात! वर आणखी एक पेनल्टी. तरी स्पर्धा त्यानेच जिंकली, पण ते बघून कुणालाही वाईट वाटेल. २०२३ पासून नियम बदललाय, ड्रॉप केलेला किंवा ठेवलेला बॉल असा आपोआप कोर्सच्या दुसऱ्या भागात गेला तर तो परत आणून ठेवायचा.

आणि ग्रीनवर आपल्याच हातून चुकून बॉल हलला तर? २०१६ ची यूएस ओपन, ओकमाँट, डस्टिन जॉन्सन पाचव्या ग्रीनवर पटच्या तयारीत आणि बॉल अगदी किंचित हलला. जागेवरच्या रेफरीने सांगितलं काही नाही, खेळ. मग बाराव्या टीवर (होलचा पहिला फटका मारायची जागा) येऊन सांगितलं की राउंड झाल्यावर बघू, म्हणजे आपला स्कोअर नक्की किती हे माहीत नसताना तो माणूस यूएस ओपनची शेवटची होल्स खेळला. शेवटी एक स्ट्रोक लावलाच, पण तो तीनने जिंकला म्हणून निभावलं. आता ग्रीनवर चुकून हलला तर पेनल्टी नाही, उचलून परत ठेवा.

दगडाचा किस्सा तर बहुतेकांना माहीत असेल. नैसर्गिक आणि सुटी वस्तू, पान, फांदी, खडा, अगदी मुंग्यांचं वारूळसुद्धा, बाजूला करता येते, आणि १९९९ मध्ये फिनिक्सलाच टायगर वुड्सच्या पुढे साधारण अर्धा टन वजनाचा दगड होता. जमिनीत रुतलेला नव्हता म्हणून रेफरींनी तो 'सुटा' ठरवला आणि प्रेक्षकांनी ढकलून बाजूला केला. नियमात वजनाची अट नाहीये, मग काय! (माझ्या वेळेला प्रेक्षक म्हणजे काका, आणि त्यांची कंबर धरलेली.)

साप किंवा मधमाश्या असतील तर फुकटात लांब जाऊन ड्रॉप मिळतो. पण बॉल मुळातच खेळता येणार नाही अशा झुडपात असेल तर शेजारी साप आहे म्हणून सुटका नाही. हे वाचून मी हसलो, कारण ही युक्ती माझ्या डोक्यात येऊन गेली होती.

बरं, कुत्र्याचं दुखणं जुनंच आहे. १७४४ मध्ये स्कॉटलंडमध्ये लीथच्या गोल्फरांनी जे तेरा नियम लिहिले त्यातही कुत्रा आहे: माणूस, घोडा, कुत्रा किंवा आणखी कशानेही बॉल अडवला तर जिथे पडलाय तिथूनच खेळा. आणि १९४० मध्ये, लंडनवर बॉम्ब पडत असताना, रिचमंडच्या क्लबने तात्पुरते नियम काढले होते. शत्रूच्या हल्ल्यात बॉल नष्ट झाला तर दुसरा ड्रॉप करा, पेनल्टी नाही. पण शॉट मारतानाच बॉम्ब फुटून शॉट बिघडला तर त्याच जागेवरून दुसरा बॉल मारता येईल, मात्र पेनल्टी एक स्ट्रोक.

मी हे काकांना मोठ्या आशेने दाखवलं, म्हटलं बघा, बॉम्बला एक आणि कुत्र्याला दोन. काकांनी चष्मा वर करून नीट वाचलं.

"एक बरोबर आहे," म्हणाले. "नाहीतर तुझ्यासारख्यांनी सगळे वाकडे शॉट बॉम्बच्या नावावर खपवले असते."